गंधाचा रकाना

लग्नसराईच्या दिवसांत बारामतीच्या बाजारपेठेतून किंवा इंदापूरच्या मुख्य रस्त्याने सायंकाळी फेरफटका मारावा, तर सुगंधद्रव्यांच्या दुकानांत एकच व्यवहार पुन्हा पुन्हा घडताना दिसतो: विक्रेता कागदाची अरुंद पट्टी कुपीच्या तोंडाशी नेऊन ग्राहकाच्या नाकापुढे धरतो, ग्राहक क्षणभर डोळे मिटतो, दुसरी पट्टी मागतो, तिसरी मागतो, आणि ज्या वस्तूच्या सहवासात त्याला पुढचे वर्षभर काढावयाचे आहे, तिच्याविषयीचा फैसला पाच मिनिटांच्या आत करून मोकळा होतो. हलक्या, आंबटसर, सरबती गंधांच्या बाबतीत हा उतावीळपणा फारसा बाधत नाही. त्यांना जे सांगावयाचे असते ते त्या पाच मिनिटांत सांगून होते. परंतु निशिगंध, मोगरा, सोनचाफा, केवडा यांसारख्या भरघोस पुष्पगंधांच्या बाबतीत तो निखालस अन्याय ठरतो, कारण या गंधांचे खरे रूप तेवढ्या अवधीत प्रकटच होत नाही. असा गंध अंगावर वागवून, उन्हातून नेऊन, चार माणसांत बसवून, रात्र उलटेपर्यंत त्याची वाट पाहूनच पारखला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. आणि ज्या मुलखात ही फुले पिकतात, ओवली जातात, देवाला व नवरदेवाला वाहिली जातात, त्याच मुलखाने ही पारख इतक्या सहजासहजी सोडून द्यावी, याचा मला मनस्वी खेद होतो.

निशिगंध घ्या. बाजारात त्याला गुलछडी म्हणतात. मूळची मेक्सिकोतील ही कंदवर्गीय वनस्पती युरोपीय दर्यावर्दींच्या हस्ते जगभर पसरली, आणि आपल्याकडच्या देवघरांत, लग्नमंडपांत व समाधिस्थानांवर अशी काही रुजली की ती परमुलखातील आहे हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत मोडतो. बारामती-इंदापुरात वर्षाकाठचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. परंतु नीरा डाव्या कालव्याने, विहिरींनी आणि पुढे उजनीच्या फुगवट्याने या कोरड्या जमिनीला जे पाणी दिले, त्याच्या जोरावर उसाच्या फडांच्या शेजारी फुलांचे लहान लहान तुकडेही उभे राहू शकले. अशा एखाद्या तुकड्यापाशी थांबून एकेरी गुलछडीचा दांडा न्याहाळावा. त्यावर कळ्या जोडीजोडीने लागलेल्या असतात आणि खालून वर क्रमाक्रमाने उमलत जातात. कळीच्या टोकाशी फिकट गुलाबी छटा असते, ती फूल उघडता उघडता मावळते. पाकळी बोटाला जाड, मेणचट आणि भर उन्हाळ्यातही गार लागते. दुपारी बारा वाजता हुंगावे तर मंद, ओलसर, हिरवट असा वास येतो आणि माणूस निराश होऊन पुढे जातो. दिवेलागणीनंतर त्याच बांधावर परतावे, म्हणजे तेच फूल लांबूनच आपली ओळख देऊ लागते, कारण रात्री उडणाऱ्या पतंगांना आमंत्रण देण्यासाठी निसर्गाने त्याच्याकडे हे काम सोपविलेले आहे. त्यात आणखी एक नवल असे की, गुलाबाप्रमाणे तोडल्याबरोबर याचा गंध ओसरू लागत नाही; दांड्यावरून खुडल्यानंतरही निशिगंध आणि जाई-मोगऱ्याची जात पुढे कितीतरी वेळ नवा गंध निर्माण करीतच राहते. पहाटे तोडलेली फुले टेम्पोतून पुण्याच्या गुलटेकडीकडे निघालेली असतात, तेव्हा त्या करंड्यांतून सुगंधाचा कारखाना अक्षरशः रस्त्याने चालू असतो.

हा कारखाना बाजारात पोहोचतो आणि तेथे त्याची किंमत वजनावर ठरते. शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तिच्यात वजनाचा रकाना असतो, दराचा असतो, खर्चाच्या वजावटीचा असतो. गंधाचा रकाना मात्र नसतो. ज्या गुणासाठी हे फूल मनुष्यजातीने एका खंडातून दुसऱ्या खंडात वाहून नेले, त्या गुणाची आपल्या व्यवहारात कोठेही मोजदाद नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कृषिसंशोधनाचीही तऱ्हा फारशी निराळी नाही. बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेने 'शृंगार', 'प्रज्वल', 'वैभव' अशा जाती दिल्या, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले रजनी' दिली, आणि या कष्टांविषयी शेतकऱ्याने कृतज्ञच असले पाहिजे. तथापि दांड्याची लांबी, दांड्यावरील फुलांची संख्या, फुलदाणीतील टिकाऊपणा यांची नोंद जितक्या काटेकोरपणे होते, तितक्या काटेकोरपणे सुगंधाची झालेली मला आढळली नाही. या उपेक्षेचा परिणाम काय होतो, हे गुलाबाने जगाला दाखवून दिलेच आहे. दूरच्या बाजारपेठा गाठता याव्यात म्हणून दांडा लांब, पाकळी जाड आणि आयुष्य दीर्घ असलेले गुलाब पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले, आणि त्या निवडीत वास हरवला. 2015 साली फ्रान्समधील संशोधकांनी गुलाबाच्या सुगंधामागील एक विकर शोधून काढले, तेव्हा गंधहीन जातींत त्याचे कार्य जवळजवळ थांबलेले असल्याचे त्यांना दिसून आले. मावळातल्या हरितगृहांतून निघालेले गुलाब आणि जरबेरा आज आपल्या मंगल कार्यालयांच्या कमानी सजवितात. त्या कमानींखालून जाणाऱ्या वऱ्हाडी मंडळींच्या नाकाला त्यांतून काहीही मिळत नाही, आणि ती उणीव मग कुपीतून भरून काढली जाते. तेव्हा कुपीचा विचार हा निव्वळ चैनीचा विचार राहत नाही. फुलांच्या बाबतीत आपण केलेल्या निवडीचाच तो पुढचा भाग आहे.

गंधाची पारख हे आपल्याला अपरिचित शास्त्र आहे, असेही नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य कुळातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाने कोणत्या ऋतूत कोणता लेप व कोणता सुगंध वापरावा याचा तपशील आहे. आणि मराठी वाचकाला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे व्यासंगी अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखितांच्या दप्तरांतून 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे दोन दुर्मीळ ग्रंथ उजेडात आणले, त्यांपैकी 'गंधवादा'वर चक्क मराठीत टीका आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कोणा मराठी माणसाला सुगंध तयार करण्याची कृती आपल्या भाषेत समजावून सांगावीशी वाटली आणि ती वाचणारेही होते. 'गंधसारा'च्या आरंभी गंधद्रव्यांवरील सहा संस्कार सांगितले आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. या सहांत प्रत्येक टप्प्याला थांबणे आहे, मुरवणे आहे, गंध जागा होण्याची प्रतीक्षा आहे. ज्यांनी ही परिभाषा घडविली त्यांना सुगंध हा एक काळात उलगडत जाणारा पदार्थ आहे याची पुरती जाण होती. गोडे 1961 साली निवर्तले. त्यांच्या या कामाची दखल विद्वानांनी घेतली, पण आपल्या सामान्य शिक्षणात तिचा मागमूस नाही.

फुलातून गंध कसा काढतात, हे थोडे समजून घेतल्याखेरीज कुपीची परीक्षा करता येत नाही. कनोजचे अत्तारी आजही तांब्याच्या देगीत फुले व पाणी घालून, झाकण मातीने लिंपून, खाली मंद जाळ करतात आणि बांबूच्या नळीतून येणारी वाफ भपक्यात, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात, चंदनाच्या तेलावर धरतात. गुलाब, केवडा, बेला यांना ही रीत मानवते. निशिगंधाला मात्र जाळ सोसत नाही. शिजवल्यावर त्याचा गंध बिघडतो. म्हणून फ्रान्समधील ग्रास येथे पूर्वी काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर ही फुले पसरीत, ती निस्तेज झाली की उचलून नवी मांडीत, आणि चरबी गंधाने तुडुंब भरेपर्यंत हा क्रम चालवीत. आपल्याकडे चमेलीच्या फुलांचे आणि तिळाचे थरांवर थर देऊन, तीळ सुवासिक झाल्यावर घाण्यात गाळण्याची जी फुलेलाची परंपरा आहे, तिचे तत्त्व हेच. आता हे काम द्रावकांनी होते. हजार किलो फुलांतून मेणचट अर्क एखाद्या किलोच्या आसपास हाती लागतो आणि त्यातले मेण वगळून उरणारे शुद्ध सत्त्व त्याहूनही कमी. हा उद्योग तमिळनाडू आणि कर्नाटकात वाढला, आपल्या जिल्ह्यात नाही. तेथून निघालेले सत्त्व परदेशी जाते आणि ज्या जातीच्या फुलाचा हार आपण किलोच्या भावाने घेतो, त्याचेच नाव मिरवणारी कुपी काही हजारांना आपल्याकडे परत येते. 1948 साली झर्मेन सेलिए या फ्रेंच कलावतीने रॉबेर पिगे यांच्या पेढीसाठी रचलेले 'फ्राका' हे अत्तर निशिगंधाच्या गडद रचनांचे आजही प्रमाण मानले जाते.

आता मूळ मुद्दा, अंगावर वागवण्याचा. निशिगंधाच्या चांगल्या रचनेचा थेंब मनगटावर घेतला की पहिल्या काही मिनिटांत फुलाचा भास होण्याऐवजी औषधाचाच भास होतो, आणि येथेच बहुसंख्य ग्राहक पाठ फिरवतात. या औषधी झुळकेला रसायनशास्त्रीय कारण आहे. निशिगंधात मेथिल सॅलिसिलेट नावाचे द्रव्य निसर्गतःच असते, आणि सांधेदुखीवर चोळावयाच्या गंधपुऱ्याच्या तेलाचा मुख्य घटकही तोच. दुकानातल्या कागदी पट्टीवर नेमकी हीच झुळूक सर्वांत पुढे असते. म्हणून 'हा तर बामचा वास' असे म्हणून ज्या कुपीला नापसंती मिळते, ती कित्येकदा खऱ्या फुलाशी सर्वांत इमान राखणारी असते, आणि जी पहिल्याच क्षणी साखरेसारखी गोड लागून पसंत पडते, तिच्यात निशिगंध नावापुरताच असतो. अर्ध्या-पाऊण तासाने हा औषधी कडवटपणा विरतो. मग जे वर येते ते दाट, दुधाळ, किंचित खोबरेल असे असते. घरातल्या कोणाला तरी त्या वेळी विचारावे, कारण याच सुमारास आपले स्वतःचे नाक त्या गंधाला सरावलेले असते. हा सराव नाकाचा दोष नव्हे, स्वभाव आहे; सतत येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करून नव्या वासासाठी मोकळे राहणे हेच त्याचे काम. म्हणून मनगट घडोघडी हुंगणे हा परीक्षेचा सर्वांत निरुपयोगी प्रकार होय. घराबाहेर जावे, शेताची किंवा रस्त्याची हवा घ्यावी, आणि परत आल्यावर एकदाच हुंगावे. दुकानांतून कॉफीच्या बिया हुंगावयास देण्याची जी चाल आहे, तिच्यापेक्षा मोकळी हवा आणि आपल्या धुतलेल्या सदऱ्याची बाही अधिक भरवशाची, असा माझा अनुभव आहे.

यानंतर रात्रीचा भाग येतो आणि मला विचाराल तर खरी परीक्षा येथे आहे. निशिगंध, मोगरा, जाई या सर्व शुभ्र, रात्रगंधी फुलांत इंडोल नावाचे एक द्रव्य अल्प प्रमाणात असते. तेच द्रव्य एकवटून हुंगले तर डांबरगोळीची आणि त्याहूनही अप्रिय गोष्टींची आठवण करून देते, विष्ठेच्या दुर्गंधातही त्याचा वाटा आहे. पण हजारपट विरळ झाले की तेच फुलाला फुलपण देते. मोगऱ्याचा गजरा सायंकाळी माळून सकाळी उशाशी पाहावा: पाकळ्या तपकिरी झालेल्या असतात आणि त्यांच्या वासात गोडव्याबरोबरच कुजण्याची पहिली चाहूल असते. ज्यांनी ही चाहूल अजिबात नाहीशी करून, धुवट साबणासारखी निर्दोष फुले कुपीत भरली, त्यांनी फुलातली रात्रच काढून टाकली. भरघोस पुष्पगंधाची श्रेष्ठता मी यावरून ठरवतो की त्याच्या तळाशी ही देहाची, मातीची, विनाशाची किंचित छाया आहे की नाही, आणि ती छाया वरच्या गोडव्याला दडपून न टाकता त्याला खोली देते की नाही. जे अत्तर पहिल्या तासात जसे होते तसेच सहाव्या तासाला, एकसुरी, रतिभर न बदललेले असे आढळते, त्याच्या टिकाऊपणाचे कौतुक मला वाटत नाही. फूल तसे टिकत नाही.

आपल्या हवेचा हिशेबही या परीक्षेत धरलाच पाहिजे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बारामती-इंदापूरची हवा इतकी कोरडी असते की वरचे हलके घटक बघता बघता उडून जातात आणि खालचे जड घटक एकदम उघडे पडतात. परदेशी थंड हवेत सहा तासांत जी कथा सांगितली जाते ती येथे तीन तासांत आटोपते. मृगाचा पाऊस पडल्यावर तीच कुपी उघडून पाहावी, दमट हवेत ती दुसरीच वाटेल. हिवाळ्यात, गळीत हंगाम ऐन भरात असताना, साखर कारखान्यांच्या परिसरात मळीचा आणि गुऱ्हाळांच्या बाजूला उकळत्या काकवीचा जड, आंबूस-गोड वास सर्वत्र भरून राहिलेला असतो. त्या वासापुढे नाजूक गंधांचे काही चालत नाही, निशिगंध मात्र स्वतःच्या पायांवर उभा राहतो. याकरिता मी उन्हाळ्यात परीक्षा त्वचेवर करावी पण वापर सुती कापडावर करावा, असे सुचवीन: कापडावर गंध सावकाश उलगडतो, घामाशी त्याची गाठ पडत नाही, आणि रात्री तो कपडा खुंटीला टांगून ठेवला तर सकाळी त्याच्या तळाची रुजुवात करता येते. पांढऱ्या वस्त्रावर तेलकट अत्तराचा डाग पडतो, तेव्हा आतल्या शिवणीजवळ लावावे.

किती लावावे, हा प्रश्न मला कोणते लावावे याहून महत्त्वाचा वाटतो, आणि येथे जुन्या दस्तुराने फार शहाणपणाची व्यवस्था केली होती. कीर्तन संपले, बैठक उठली, लग्नातील पाहुण्यांचे स्वागत झाले, की यजमान अत्तरदाणीतून थेंबभर अत्तर पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर लावी, गुलाबदाणीतून शिडकावा करी आणि पान-सुपारी देई. दरबारी रीतीत अत्तर-गुलाब, पान-सुपारी झाली म्हणजे भेट पूर्ण झाली असे समजत. बारामतीच्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी कऱ्हाकाठी आपले काव्यजीवन घालविले आणि 1794 साली येथेच देह ठेवला. त्या काळच्या सरदारी वाड्यांतून हा शिष्टाचार रोजच्या वहिवाटीचा होता. या रीतीचा मला जाणवलेला सर्वांत मोठा गुण असा की अत्तराचे प्रमाण लावून घेणाऱ्याच्या हाती नसे, लावणाऱ्याच्या हाती असे. ज्याचे नाक सरावलेले नाही तो माणूस मात्रा ठरवी. दाबायच्या फवारणीने ही व्यवस्था उलटी केली: जो स्वतःचा गंध पाच मिनिटांनी हुंगू शकत नाही, त्याच्याच हाती कळ आली, आणि तो दर वेळी थोडे अधिक मारू लागला. बारामतीहून इंदापूरला निघालेल्या भरगच्च एसटीत खिडक्या बंद असताना अशी एखादी मात्रा बसली तर दमेकरी माणसाला आणि अर्धशिशीच्या रुग्णाला जो त्रास होतो, तो काल्पनिक नाही. 1985 साली आलेल्या 'पॉइझन' या निशिगंधप्रधान फ्रेंच अत्तराला परदेशातील काही उपाहारगृहांनी मज्जाव केल्याचे सांगतात; पण तो दोष फुलाचा नव्हे, मात्रेचा. घरातून निघण्यापूर्वी बहिणीला किंवा आजीला मनगट पुढे करून 'जास्त तर झाले नाही ना?' एवढे विचारावे, आणि ती म्हणेल तो अंतिम निवाडा मानावा.

भरघोस पुष्पगंधाविषयी दोन ग्रह आपल्या समाजात घट्ट बसले आहेत आणि ते दोन्ही मला अमान्य आहेत. पहिला ग्रह असा की फुलांचा गडद वास बायकांचा, पुरुषाने लाकडाचा किंवा समुद्राचा वास लावावा. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने जाते: बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. त्या सर्व वाटेवर पादुकांवर फुलांच्या राशी असतात, वारकऱ्यांच्या कपाळी गंध आणि बुक्का असतो, गळ्यात तुळशीची माळ असते, आणि हजारो पुरुष दिवसचे दिवस त्या मिश्र सुगंधात चालतात; त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या पुरुषत्वाला बाधा आली असे वाटत नाही. उरुसात संदल निघतो तेव्हा चंदनाचा लेप, गुलाबाची चादर आणि अत्तर यांची सेवाही पुरुषच करतात. कानात अत्तराचा फाया ठेवणारे जुने पैलवान आणि शेतकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा ग्रह किती अलीकडचा आहे हे सांगावयास नको. दुसरा ग्रह वर्गाचा आहे: उग्र वास खेडवळ, मंद वास सुसंस्कृत. शहरी कचेऱ्यांच्या बंद, थंड दालनांसाठी जे पाणीदार, धुतलेले गंध प्रचारात आले, ते त्या दालनांपुरते योग्यही असतील; पण मोकळे अंगण, खळे, देवळाचा सभामंडप आणि उघड्या मैदानातले लग्न यांच्या मापाने पाहिले तर ते गंध चार पावलांवर नाहीसे होतात. माझ्या लेखी संस्कृती गंधाच्या मंदपणात नाही. जागा ओळखून मात्रा ठरवण्यात आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कुपीतला निशिगंध बहुधा प्रयोगशाळेत जुळविलेला असतो, आणि केवळ तेवढ्यावरून त्याला नापास करणे बरोबर नाही. उत्तम रचना कृत्रिम द्रव्यांच्या साहाय्यानेच उभ्या राहिल्या आहेत आणि कित्येक फुलांचे सत्त्व काढताच येत नाही. आक्षेप आहे तो लपविण्याला. जत्रेत आणि बाजारात 'शुद्ध अत्तर' म्हणून जे विकले जाते, त्याच्या खाली चंदनाचे तेल आहे की पांढरे खनिज तेल आहे, याचा कुपीवर दाखला नसतो. चंदन महागल्यापासून खनिज तेलाचा आणि प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रावकांचा आधार घेतला जातो, हे या धंद्यातील माणसे खासगीत कबूल करतात. युरोपात 2003 साली केलेल्या नियमाने त्वचेला बाधू शकणाऱ्या 26 सुगंधी द्रव्यांची नावे, ठरावीक प्रमाणाच्या वर असल्यास, वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले आणि ती यादी पुढे वाढविण्यात आली. आपल्या गिऱ्हाइकानेही निदान दोन प्रश्न विचारावेत: याचा आधार कोणता, आणि थेंबभर लावून उद्या परत आलो तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला आनंदाने 'होय' म्हणणारा दुकानदार पहिल्याचे उत्तरही बहुधा खरे देतो.

आणि ज्यांच्या हाती काही करणे आहे, त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर जानेवारीत 'कृषिक' हे प्रदर्शन भरते. राज्यभरातून शेतकरी येतात, बियाणे, अवजारे, ठिबक, जनावरे पाहतात. तेथे फुलांच्या विभागात गंधाची रीतसर परीक्षा व्हावी. गुलछडी, मोगरा, शेवंती, देशी गुलाब यांच्या निरनिराळ्या जातींच्या करंड्या नाव झाकून, क्रमांक देऊन मांडाव्यात. परीक्षक म्हणून एक शेतकरी, हार ओवणारी एक बाई, एक जुना अत्तारी आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ बसवावा. आणि प्रत्येक जातीपुढे वजन, लांबी व टिकाऊपणा यांच्या जोडीला गंधाचा रकाना आखून त्यात त्यांचे मत शब्दांत लिहावे, नुसते गुण देऊ नयेत. नोंद दोनदा घ्यावी, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. निशिगंधाला जानेवारीची थंडी मानवत नाही, तेव्हा त्याच्यासाठी अशीच एक बैठक श्रावणात, फुलांचा भर असताना आणि गौरी-गणपतीची मागणी सुरू होण्याच्या आधी, बाजार समितीच्या आवारात घ्यावी, आणि तेथे ठरलेला क्रम त्या आठवड्याच्या लिलावात फळ्यावर दरांच्या शेजारी लिहावा.